जागा शिल्लक: एक

"एक निकाल सापडला," असं पडद्यावर उमटलं आणि तोंडाशी नेलेला चहाचा कप मी तसाच अधांतरी धरून बसले. सापडायला नको होता. तिथे काही सापडणं शक्यच नाही, म्हणून तर मी तिथे शोधलं होतं. माझा धंदाच तो. लोक जे शोधतात ते त्यांना सापडतं की नाही हे बघायला आमच्या ऑफिसात दुसरे आहेत. कुणाच्या बापजन्मी शोधायचं मनात येणार नाही असलं काहीतरी शोधायचं, आणि पडद्याने गरीब चेहरा करून "काहीही सापडलं नाही" म्हटलं की बरोबरची खूण करून पुढच्या कामाला लागायचं, हे खातं माझ्याकडे. या वेळी काम होतं शहरातल्या प्रौढ शिक्षण केंद्राचं. मोठ्या माणसांसाठी तिथे नाना तऱ्हेचे वर्ग चालतात, शिवणापासून ते तारे ओळखण्यापर्यंत, आणि ते सगळे घरबसल्या शोधता यावेत म्हणून आम्ही एक पान करून देत होतो. पानावर पाच ड्रॉपडाउन: विषय, वय, पातळी, वेळ, साहित्य. टिचकी मारली की चौकटीतून यादी खाली उलगडते, हवं ते निवडलं की मिटते. तळाशी आधीच खूण करून ठेवलेली एक बारकी चौकट, "फक्त जागा शिल्लक असलेले वर्ग". दिसायला पोरखेळ. पण दोन याद्या एकदम उघडल्या तर एकमेकींच्या अंगावर चढतात का, यादीतला शेवटचा पर्याय पानाखाली कापला जातो का, आधी वय निवडून मग विषय बदलला की वय बिचारं जागच्या जागी राहतं की पुसून जातं, घाईघाईने अक्षरं टाइप केली तर यादी धापा टाकत मागे राहते का, असल्या शंभर ठिकाणी ते अडखळतं, आणि ते अडखळलं की मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू? दुसऱ्याची चूक सापडली की सकाळ सार्थकी लागते माझी.

माझी निवड होती अशी: फुंकवाद्ये, त्यातला ट्यूबा, वय पन्नाशीच्या पुढे, पातळी, कधीही हात न लावलेले, वेळ भल्या सकाळी, साहित्य, स्वतःचं नाही. यादीत ट्यूबा म्हणतात, मी त्याला भोंगा म्हणते. पितळेचा, पोटाशी धरून वाजवायचा, जेवढा माणूस तेवढाच तो. पन्नाशी उलटलेली कोण बाई किंवा बुवा कधी हात न लावलेला भोंगा कोंबड्याच्या वेळेला शिकायला जाणार? कुणीच नाही. शून्य यायला हवं. आणि खाली ठळक अक्षरांत: "ट्यूबा, नवशिक्यांसाठी. वाद्य केंद्राचं. जागा शिल्लक: एक." मी चष्मा पुसला. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान असल्यामुळे माझी काच नेहमी स्वच्छ असते, पण पुसला. पुन्हा शोधलं, पुन्हा एक. वय बदलून तिशीच्या आत केलं, शून्य. वेळ बदलून संध्याकाळ केली, शून्य. पुन्हा सगळं पहिल्यासारखं केलं, एक. म्हणजे चूक मोठी शहाणी होती, नेमक्या माझ्या ठिकाणी दबा धरून बसलेली. मला जे वाटलं ते सांगणं कठीण. त्याला आनंद म्हणावं तर नीटसा आनंद नव्हता, धसका म्हणावं तर धसकाही नव्हता. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि जमीनच लागावी, तसं काहीतरी.

आमच्याकडे हे पान ज्या पोराने बांधलं त्याला सगळे घाई म्हणतात, कारण त्याने प्रत्येक गोष्ट काल संपवलेली असते. मी चूक नोंदवली आणि तो खुर्चीसकट सरकत माझ्या टेबलाशी आला. "ताई, ही चूक नाहीये." "मग काय आहे?" "वर्ग आहे. खराखुरा. केंद्राने गेल्या आठवड्यात त्यांची सगळी माहिती दिली ना, त्यातच आहे." मी म्हटलं, "असला वर्ग असतो का रे कुठे? कुणीतरी भरताना वय चुकवलं असणार. पाचच्या पुढे लिहायचं ते पन्नासच्या पुढे." "पाच वर्षांचं पोर भोंग्यात बसेल, ताई, वाजवणार कसं?" बोलण्यात तसा खरा. तरी मी मान हलवली नाही. सांगितलं, माझी नोंद उघडी राहील, आणि ती उघडी असेपर्यंत हे पान खऱ्या साइटवर जाणार नाही. पलीकडून मॅनेजरीणबाईंनी मान वर केली, कारण पान आज दुपारी जायचं ठरलेलं होतं आणि तसा शब्द त्यांनी केंद्राला दिलेला होता. "तुम्हाला खात्री करायला काय लागेल?" त्यांनी विचारलं. त्या रागावल्या की फार गोड बोलतात. मी म्हटलं, निकालाखाली शिकवणाऱ्याचा नंबर आहे, फोन करून विचारते. इतकी साधी गोष्ट. पण फोन हातात घेतल्यावर लक्षात आलं की मला या कामात आयुष्यात पहिल्यांदाच चूक निघायला नको आहे. असा वर्ग असू दे, असं कुणीतरी माझ्या आतून म्हणत होतं, आणि मी त्या कुणालातरी गप्प बस म्हणून दटावत होते.

कारण भोंगा मी ओळखते. नऊ-दहा वर्षांची असेन तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावर नळ दुरुस्त करणारे काका राहायचे. दिवसभर लोकांच्या मोऱ्या उपसायचे, आणि सुट्टीच्या दिवशी एका बँडमध्ये भोंगा वाजवायचे. सरावाला घर पुरायचं नाही म्हणून जिन्याच्या चौकात खुर्ची टाकून बसायचे, आणि त्यांनी फुंकलं की जिन्याचा लोखंडी कठडा बोटांखाली थरथरायचा. बाकीची मुलं कानात बोटं घालून पळायची, मी कठडा धरून उभी राहायची. एकदा ते दम खायला थांबले तेव्हा मी त्या पितळी तोंडात वाकून बघितलं. आत अंधार, आणि नाण्याला येतो तसा वास. "डोकं घालायचंय?" काकांनी विचारलं. मी मान हलवायच्या आधीच डोकं घातलं होतं, पार खांद्यापर्यंत. आणि त्यांनी हलकेच, अगदी हलकेच, सगळ्यांत खालचा सूर लावला. तो मला ऐकू आला असं म्हणता येणार नाही. तो दातांत आला, मग छातीत, मग पोटात उतरून बसला, आणि मी इतकी हसले की आत माझंच हसू घुमायला लागलं. बाहेर आले तेव्हा वरच्या जिन्यात आई उभी. "काका, मला शिकवाल?" असं मी विचारायला आणि आईने ऐकायला एकच गाठ पडली. "शिकवतील हो, न शिकवायला काय झालं," आई म्हणाली, "गाल फुगवून फुगवून तोंड वाकडं होईल, मग बस आरशासमोर. कोण पत्करणार आहे तुला?" काका हसले, आई हसली, मीही हसले. कुणी कुणाला दुखावलं नाही. पुढच्याच वर्षी काका घर बदलून गेले. भोंगा जिन्याच्या वळणावर अडकला होता, तेव्हा त्याचं एक टोक मी उचलून धरलं होतं. मग शाळा, परीक्षा, नोकरी, लग्न, कन्येचं बाळपण, तिचं परगावी जाणं. भोंगा मागे राहिला, रुखरुख वगैरे काही नाही. रुखरुख असती तर मला कळलं नसतं का?

फोन लागला. "हां, बोला!" असा आवाज आला की मी फोन कानापासून लांब धरला. विचारलं, वर्ग खरा आहे का, वय बरोबर आहे का, वेळ तीच का. "सगळं बरोबर आहे, बाई. वेळ माझ्या बेकरीवाल्यासाठी. त्याची पाळी संपते तेव्हा तुमची-आमची सकाळ होत असते. भोंगे चार, माणसं चार. तिघं मिळालेत. चौथं मिळालं नाही तर केंद्र म्हणतं वर्ग चालवायचा नाही, आणि आज संध्याकाळपर्यंतच मुदत दिलीय. कुणी आहे का तुमच्या बघण्यात?" मी म्हटलं, "मी फक्त तपासायला फोन केलाय." "मग येऊन तपासा की. दुपारी सगळे जमतो आम्ही, निरोपाचा चहा प्यायला. चौथं काही मिळत नाही आता." हसत हसतच म्हणाले, पण शेवटच्या वाक्याला आवाजाची हवा गेली. माझं काम खरं तर तिथेच संपलं होतं. वर्ग खरा, निकाल खरा, नोंद बंद करायची, पान सोडायचं. मी पर्स उचलली आणि घाईला म्हटलं, "प्रत्यक्ष बघून येते." "भोंगा प्रत्यक्ष बघायला?" "तू तुझं काम बघ." तो शिट्टी वाजवत वळला. ऑफिसात मला वचकून असतात असा माझा समज आहे, तो अधूनमधून असा खोटा पडतो.

केंद्र दोन चौक सोडून. रस्त्याने चालताना मी स्वतःला बजावत होते की हे कामच आहे, तपासनिसाने जागेवर जाऊन खात्री केली तर कुणाची तक्रार असायचं कारण नाही. उन्हात दुकानांच्या काचा चमकत होत्या आणि प्रत्येक काचेत एक ठेंगणी, चष्मेवाली बाई तरातरा चालली होती, तिला बघून वाटेना की ही नुसती तपासायला चाललीय. एवढ्या लांब टांगा मी बस चुकत असली तरच टाकते. तळमजल्यावर एका टोकाला खोली होती. आत तिघं आणि मास्तर. मास्तर म्हणजे उभ्या आयुष्यात अँब्युलन्स चालवलेला, आता निवृत्त, पोटाने भोंग्याला शोभेल असा माणूस. बेकरीवाला कोपऱ्यात डुलक्या काढत होता, त्याच्या भुवईवर अजून पीठ. दातांची एक डॉक्टरीण, माझ्याहून मोठी, आणि एक निवृत्त पोस्टमन, ज्याने आयुष्यभर लोकांच्या घंटा दाबल्या आणि आता म्हणे त्याला मोठा आवाज करायचाय. "ह्या तपासायला आल्यात," मास्तरांनी ओळख करून दिली, आणि जागे असलेल्या दोघांच्या चेहऱ्यावर उगवलेलं काहीतरी मावळलं. मला चौथी समजले होते. मग मास्तरांनी कपाट उघडलं. दाराइतकं रुंद, आत एकही फळी नाही, आणि ओळीने चार भोंगे, तोंडं आमच्याकडे करून.

ते कपाट बघून मी दारातच थबकले. कारण हे कपाट मी शोधलेलं होतं. मागे एका फर्निचरवाल्याचं पान तपासताना माझी लाडकी अशक्य निवड हीच होती: कपाट, दाराइतकं रुंद, खोल, फळ्या नकोत. काहीही सापडलं नाही, बरोबरची खूण. प्रत्येक तपासनिसाची अशी एक ठरलेली वेडगळ निवड असते, हात आपोआप तिकडे जातो, त्यात काही अर्थ नसतो असं आम्ही एकमेकांना सांगतो. भाड्याच्या घरांचं पान आलं तेव्हा मी काय निवडायची? तळघर, भिंती जाड, शेजार नाही. लांबच्या प्रवासाच्या बसचं पान आलं तेव्हा सोबतचं सामान म्हणून काय? अवजड, वेडंवाकडं, एक नग. मला वाटायचं, काय डोकं आहे आपलं, कुठून कुठून सुचतं. अगं बाई, कुठून म्हणजे जिन्याच्या चौकातून! इतकी वर्षं लोकांच्या चौकटी तपासायच्या नावाखाली मी एका भोंग्यासाठी घर बघत होते, कपाट बघत होते, त्याला बसमध्ये चढवत होते, आणि दर वेळी काहीही सापडलं नाही की समाधानाने खूण करत होते. मला इतकं हसू आलं की डॉक्टरीणबाईंनी पुढे होऊन माझी पर्स धरली. रडूही आलं असावं थोडं, कारण चष्मा पुन्हा पुसावा लागला.

"फुंकून बघायचंय?" मास्तरांनी विचारलं. डोकं घालायचंय का, असं विचारल्यासारखंच विचारलं. त्यांनी भोंगा माझ्या मांडीवर टेकवला. गार, जड, एखादं झोपलेलं मूल मांडीवर घेतल्यासारखा. "गाल फुगवू नका, पोटातून सोडा. ओठ थरथरू द्या." मी फुंकलं. नुसती हवा गेली. पुन्हा फुंकलं. म्हैस उठताना करते तसला आवाज झाला आणि पोस्टमनबुवा मनापासून "वा!" म्हणाले. "लाजू नका, बाई," मास्तर म्हणाले, "मीही आयुष्यभर भोंगाच वाजवला, तो ऐकून लोक बाजूला व्हायचे. हा ऐकून जवळ येतात, एवढाच फरक." तिसऱ्यांदा मी डोळे मिटले, आणि आला. खालचा, सगळ्यांत खालचा. दातांत, छातीत, पोटात, त्याच वाटेने, त्याच क्रमाने, वाट जराही न चुकता. फरक एवढाच की या वेळी तो माझ्यातून निघून माझ्याकडे येत होता. खिडकीची काच थरथरली. बेकरीवाला दचकून जागा झाला आणि म्हणाला, "चौथं मिळालं?"

"मिळालं," मी म्हटलं. माझ्या तोंडून इतक्या सहज गेलं की मलाच नवल वाटलं. मग तर काय, निरोपाच्या चहाचा स्वागताचा चहा झाला. मास्तर म्हणाले, "नाव मात्र तुम्हालाच साइटवरून घालावं लागेल. मला हाताने घेता येत नाही. आणि आजच." मी म्हटलं, "मास्तर, साइटचं मला नका शिकवू." आणि जी सुटले ती थेट ऑफिसात. पान उघडंच होतं. निवडलं, निवडलं, निवडलं, एक निकाल, "नाव नोंदवा"वर टिचकी, भराभर चौकटी भरल्या, खाली हिरवी पट्टी: "तुमची नोंद झाली आहे." पुन्हा शोधलं. "काहीही सापडलं नाही." चारही भोंग्यांना माणसं लागली, जागा शिल्लक नाही, म्हणून शून्य. एवढं देखणं शून्य मी कधी पाहिलं नव्हतं. माझी नोंद बंद केली, "चूक नाही, वर्ग खरा आहे" असं लिहिलं आणि सही केली. घाईने पुढच्या मिनिटाला पान खऱ्या साइटवर चढवून टाकलं, मॅनेजरीणबाई खरंखुरं गोड हसल्या.

मग मी फोन करत सुटले. नवऱ्याला सांगितलं तर त्याच्या दुकानात गिऱ्हाईक खुर्चीवर बसलेलं, "हे बरं दिसतं की ते?" चाललेलं. "भोंगा?" तो म्हणाला. "घरी?" मी म्हटलं, सरावाला कधीमधी आणणार. पलीकडे गिऱ्हाईक म्हणालं बहुतेक की ते बरं दिसतं. मग हा म्हणाला, "अगं, मी रात्री घोरतो त्याबद्दल तू इतकी वर्षं काही बोलली नाहीस. वाजव." बोललेय मी, पुष्कळदा बोललेय, पण ते त्याला कुठून ऐकू येणार, तो झोपलेला असायचा. कन्येला फोन केला तर ती किंचाळलीच, "आई, व्हिडिओ पाठव!" आणि शेवटी आईला. आई आता ऐंशीची आहे, कानांनी थोडी कमी, बाकी सगळ्याने जास्तच. भोंगा म्हटल्यावर तिला आधी जिना आठवला, मग काका, मग सगळंच. "तोंड वाकडं होईल हो," ती म्हणाली. मी म्हटलं, "आई, पत्करलंय मला एकाने." "मग होऊ दे वाकडं," आई म्हणाली, "आता तो परत थोडाच करतोय!" आणि हसायला लागली ती थांबेचना. मीही इकडे हसत होते. मध्येच ती म्हणाली, "बये, तुला इतकं हवं होतं तर तेव्हा रडायचंस तरी." तेव्हा हवं होतं हे मला तरी कुठे ठाऊक होतं? ते मला आज कळलं, पाच चौकटींतून.

खिडकीबाहेर ऊन पिवळं होत आलं होतं आणि माणसं बॅगा आवरत होती, तेव्हा मास्तरांचा फोन आला. या वेळी फोन कानापासून लांब धरावा लागला नाही. "बाई, राग नका मानू. मन बदललं असेल तर तसं सांगा. केंद्राची बाई विचारतेय, वर्ग रद्द करायचा का म्हणून. तुमचं नाव काही आलं नाही." मी म्हटलं, असं कसं, हिरवी पट्टी आली, मी डोळ्यांनी बघितली! "नाही हो आलं. तिघंच आहेत." चूक आहे. माझ्या सहीने गेलेल्या पानात चूक आहे, आणि ती नेमकी माझ्या भोंग्यावर बसलीय. मी घाईला अशी हाक मारली की तो खुर्ची तिथेच टाकून धावत आला. त्याने माझ्या पडद्याकडे पाहिलं, खाली वाकून पानाच्या डोक्यावरची करडी पट्टी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "ताई," तो इतक्या हळू म्हणाला की मी त्याला पहिल्यांदाच सावकाश बोलताना ऐकलं, "हे सरावाचं आहे." आमच्याकडे प्रत्येक पान दोन असतं. एक सरावाची प्रत, जिथे आम्ही वाटेल तो धुडगूस घालतो आणि ज्याचा बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही, आणि एक खरं. मी इतकी वर्षं सरावाच्या प्रतीत जगले की खऱ्याचं दार कुठल्या बाजूला उघडतं तेच विसरले होते. "आणि नोंद कुणाच्या नावावर केलीत बघा." त्याने उघडून दाखवलं. नाव: चाचणीबाई. आडनाव: चाचणीकर. माझी बोटं! प्रत्येक पानावर मी जी खोटी बाई भरते तीच बोटांनी भरून टाकली होती. केंद्रातला चौथा भोंगा चाचणीबाई चाचणीकरांना मिळाला होता, तोही सरावाचा.

घाई हसला नाही, एवढं पुण्य त्याच्या खाती जमा. "मास्तर, थांबा," मी फोनवर ओरडले, "ठेवू नका, दोन मिनिटं थांबा!" खरी साइट उघडली. तेच पान, तेच पाच ड्रॉपडाउन, पण डोक्यावर करडी पट्टी नाही. मी एकेक चौकट नवख्या माणसासारखी चाचपडत वाचायला लागले, त्या माणसासारखी, ज्याच्यासाठी हे सगळं आम्ही करतो आणि ज्याला मी आजवर कधी भेटले नव्हते. विषयाची यादी उलगडली. मी मनात म्हटलं, अडखळू नको रे बाबा, आज अडखळू नको. फुंकवाद्ये. ट्यूबा. यादी मिटली. पन्नाशीच्या पुढे, हे निवडताना पहिल्यांदाच वाटलं की अरे, हे तर खरं आहे, मी आहेच की पन्नाशीच्या पुढे! कधीही हात न लावलेले, इथे जरा थांबले, कारण दुपारी लावला होता, पण त्याहून खालची पातळी नव्हती. भल्या सकाळी. स्वतःचं नाही. "एक निकाल सापडला." मी नाव घालायला लागले आणि बोटांनी "चा" लिहिलंच. पुसलं. माझं नाव लिहिलं, आईबापांनी ठेवलेलं, अक्षर अक्षर बघून. शेवटी एक ड्रॉपडाउन होता, "हा वर्ग का निवडला?" नोकरीसाठी, आरोग्यासाठी, वेळ घालवण्यासाठी, इतर. "इतर" निवडलं की खाली कारण लिहायला जागा उघडते. ती उघडते की नाही एवढंच बघून मी आजवर मिटत आले होते. उघडली. मी लिहिलं: "लहानपणी आत डोकं घातलं होतं." आणि टिचकी मारली.

हिरवी पट्टी आली, पण आता तिच्यावर कोण विश्वास ठेवतो? फोनमध्ये मास्तरांचा श्वास ऐकू येत होता, मागे बेकरीवाल्याचं घोरणं. मॅनेजरीणबाई कोट घालता घालता तशाच उभ्या राहिल्या होत्या. मग फोनमध्ये असा काही आवाज झाला की टेबलावरचा पेन घरंगळला. मास्तर ओरडले नव्हते, त्यांनी सरळ भोंगाच फुंकला होता. तरी मी तपासणारी बाई. तशीच सोडते होय? पुन्हा पान उघडलं, पुन्हा तेच निवडलं, एकेक करून, पाचही, आणि "शोधा"वर टिचकी मारली. घाई माझ्या खांद्यावरून वाकला, पण माझ्या हसून फुगलेल्या गालांच्या आड त्याला काही दिसेना. "ताई, काय आलं? ताई, काय आलं?"

"काहीही सापडलं नाही," मी म्हटलं, आणि बरोबरची खूण केली.